गुणांकात मिसळलेलं अंतर

भरल्या दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ जन्मतं, वेळेवर रडतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागू लागते. दूध ओढता ओढता ते दमतं आणि मध्येच सोडून देतं, पोट उडताना दिसतं, कपाळाला घाम येतो. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही प्रसूतिगृहात अशा वेळी आधी शंका येते ती न्यूमोनियाची किंवा जंतुसंसर्गाची, मग हृदयातल्या छिद्राची. आणि बहुतेक बाळांच्या बाबतीत यांपैकी एक शंका खरी निघते. मात्र फार थोड्या बाळांचं हृदय घडणीनं अगदी ठीक असतं आणि तरीही ते थकत जातं, कारण बिघाड डोक्यात असतो. मेंदूच्या मधोमध धमन्या थेट एका मोठ्या शिरेला जाऊन मिळालेल्या असतात. या विकृतीला वैद्यकात ‘वेन ऑफ गेलन माल्फॉर्मेशन’ म्हणतात. अशा बाळाचं पुढं काय होईल हे सांगण्यासाठी डॉक्टरांनी गेल्या काही दशकांत गुणांक, मोजमापं आणि एमआरआयचे निकष तयार केले आहेत. ते उपयोगाचे आहेत. पण त्यांत बाळाच्या आजाराबरोबर उपचार मिळेपर्यंत वाया गेलेला वेळही मोजला जातो, आणि खानदेशासारख्या भागात हा वेळ फार मोठा असतो. आजार आपल्या हातात नाही. वेळ बऱ्याच अंशी आहे. म्हणून अंदाजाकडे बघण्याची आपली दृष्टी बदलायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आधी बिघाड समजून घेऊ. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत मेंदूतलं रक्त बाहेर नेणारी एक तात्पुरती शीर असते. अकराव्या आठवड्याच्या सुमारास तिचा बराचसा भाग विरून जातो आणि उरलेल्या टोकातून कायमची शीर तयार होते. तिला दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याचं नाव आहे. काही गर्भांत ती तात्पुरती शीर विरत नाही. आसपासच्या धमन्या तिच्यात थेट उघडतात आणि ती फुगत जाते. एरवी धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांतून झिरपत शिरेत पोहोचतं. तिथं त्याचा जोर मोडतो आणि पेशींना प्राणवायू मिळतो. पांझरा नदीकाठच्या सिंचनाच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतात शिरतं, म्हणून शेवटच्या फडालाही वाटा मिळतो. पाट मध्येच फुटून थेट नाल्याला मिळाला, तर नाल्याचे काठ खचतात आणि टोकाचा फड कोरडा राहतो. या बाळांच्या मेंदूत हेच घडतं. शिरेत दाब वाढतो, मेंदूच्या पेशी उपाशी राहतात आणि हृदय मात्र फुकट वाहून जाणारं रक्त पुन्हा पुन्हा ढकलत बसतं.

पोटात असताना बहुतेक बाळं हे सहन करतात, याचं कारण वार. वारेकडेही रक्त सहज वाहत असल्यामुळे मेंदूतल्या मोकळ्या वाटेकडे सगळा लोंढा जात नाही. नाळ कापली की ती दुसरी वाट बंद होते. मग गंभीर विकृतीत हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी ८० टक्क्यांपर्यंत रक्त डोक्याकडेच खेचलं जाऊ शकतं. मूत्रपिंड, यकृत, खुद्द हृदयाचा स्नायू यांना रक्त कमी पडतं, फुप्फुसातला दाब चढतो आणि काही तासांत किंवा दिवसांत हृदय निकामी होऊ लागतं. विकृती सौम्य असेल तर बाळ पहिले दिवस निभावून नेतं. पुढं काही महिन्यांनी डोक्याचा घेर भराभर वाढतो, टाळू ताणलेली दिसते, कपाळावरच्या शिरा उठून येतात. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळी भवितव्यं आहेत. तिसऱ्या दिवशी धापणारं नवजात आणि आठव्या महिन्यात डोकं मोठं होत चाललेलं बाळ यांना एकच आकडा लागू पडत नाही.

हा आजार किती आढळतो? ब्रिटनमधल्या २०१८च्या अभ्यासानं सुमारे ५८ हजार जन्मांमागे एक असा अंदाज दिला आहे. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबेचाळीस लाखांच्या वर आणि धुळ्याची साडेवीस लाखांच्या आसपास होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५च्या जवळपास धरला, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला साधारण एक लाख बाळं जन्मतात. म्हणजे तोच दर इथं धरला तर दरवर्षी एक-दोन बाळं, आणि राज्यात तीसेक. एखाद्या बालरोगतज्ज्ञाला संपूर्ण कारकिर्दीत असं बाळ एकदाच भेटेल किंवा कधीच भेटणार नाही. अशा आजारात डॉक्टरचा स्वतःचा अनुभव तोकडा पडतो आणि दूरवरच्या मोठ्या केंद्रांनी केलेल्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. गुणांकाची गरज इथूनच निर्माण होते.

त्या नोंदींत सर्वांत मोठा वाटा पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या पिएर लास्जोनिया यांचा आहे. त्याआधीच्या काळात कवटी उघडून शस्त्रक्रिया केली जाई आणि नवजात बाळं बहुधा वाचतच नसत. लास्जोनिया आणि त्यांच्या पिढीच्या डॉक्टरांनी धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, विशिष्ट प्रकारचा वैद्यकीय गोंद सोडून त्या मोकळ्या वाटा टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं तंत्र रुळवलं. याला एम्बोलायझेशन म्हणतात. २००६ साली त्यांच्या गटानं १९८१ ते २००२ या काळातल्या ३१७ रुग्णांचा लेखाजोखा मांडला. त्यांपैकी एम्बोलायझेशन झालेल्या आणि ज्यांची पुढची माहिती हाती होती अशा २१६ मुलांपैकी २३ दगावली. वाचलेल्या १९३ पैकी १४३, म्हणजे ७४ टक्के मुलं मेंदूच्या दृष्टीनं सामान्य होती. हा आकडा दिलासा देणारा आहे, पण वयानुसार फोड केली की चित्र पालटतं. नवजात अवस्थेतच उपचार करावे लागलेल्या २३ पैकी १२ बाळं दगावली आणि वाचलेल्या ११ पैकी चारच पूर्ण सामान्य राहिली. थोडी मोठी झाल्यावर उपचार झालेल्या १५३ तान्ह्यांपैकी ११ दगावली. यावरून ‘थांबलं की बरं होतं’ असा अर्थ काढणं चूक ठरेल. ज्यांना थांबता आलं, त्यांचा आजारच मुळात सौम्य होता. तरीही, जिथं शक्य असेल तिथं औषधांनी हृदय सावरून धरायचं आणि बाळ पाच महिन्यांच्या आसपास पोहोचल्यावर मोठ्या वाहिन्यांतून सुरक्षितपणे काम करायचं, हे धोरण या नोंदींतून पक्कं झालं.

थांबायचं कुणी आणि घाई करायची कुणासाठी, हे ठरवण्यासाठी याच गटानं २१ गुणांची पट्टी तयार केली. हृदयाला पाच, मेंदूला पाच, श्वसनाला पाच, यकृताला तीन आणि मूत्रपिंडाला तीन गुण. बारापेक्षा जास्त गुण असतील तर औषधांवर ठेवून वाट पाहायची. आठ ते बारा असतील तर तातडीनं एम्बोलायझेशन. आठच्या खाली असतील तर उपचार न करण्याची शिफारस. पट्टीतले तपशील अगदी साधे आहेत. श्वास जलद चालतो पण बाळ दूध संपवतं, तर श्वसनाचे चार गुण. दूध संपवता येत नाही, तर तीन. व्हेंटिलेटर लागला की दोन किंवा त्याहून कमी. लघवी नीट होते तर मूत्रपिंडाचे पूर्ण तीन, पूर्ण बंद झाली तर शून्य. विकृती केवढी आहे, किती धमन्या तिच्यात शिरतात, याचा या पट्टीत थेट उल्लेखच नाही. ती मोजते बाळाची त्या क्षणाची अवस्था. ती अवस्था विकृतीमुळे जशी बिघडते, तशीच दिरंगाईमुळे, थंडी लागल्यामुळे, चुकीच्या सलाइनमुळे आणि खडतर प्रवासामुळेही बिघडते.

खानदेशासाठी याचा अर्थ काय, हे एका कल्पित हिशेबातून दिसेल. समजा, शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याशी जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी धापतंय. त्याच दिवशी ते धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचलं, निदान झालं आणि औषधांनी हृदय स्थिरावलं. हृदयाचे तीन, मेंदूचे पाच, श्वसनाचे तीन, यकृताचे दोन, मूत्रपिंडाचे तीन: एकूण १६. याच बाळाला चार दिवस न्यूमोनिया समजून सलाइन चढत राहिलं आणि मग उबेची सोय नसलेल्या गाडीतून सव्वातीनशे किलोमीटरवरच्या मुंबईला हलवलं, असं धरा. तिथं उतरेपर्यंत व्हेंटिलेटर लागला: हृदयाचा एक, श्वसनाचा एक. लघवी घटली: एक. यकृतावर ताण: एक. मेंदूची लक्षणं दिसू लागली: तीन. एकूण सात. विकृती तीच, बाळ तेच. पण पहिल्या हिशेबात ते वाट पाहण्याच्या रांगेत आहे आणि दुसऱ्यात उपचार न करण्याच्या. पॅरिसमध्ये आखलेल्या पट्टीवर मुंबईत मोजलेल्या या सात गुणांमध्ये धुळ्यापासूनचं अंतर मिसळलेलं आहे. ते वेगळं न काढता ‘याच्यात काही राम नाही’ असं म्हणणं म्हणजे व्यवस्थेची उणीव बाळाच्या खात्यावर टाकणं होय.

अशा पट्ट्यांमध्ये दुसराही एक सापळा असतो. आठच्या खालच्या बाळांवर उपचार करायचे नाहीत असं ठरलं की ती दगावतात, आणि ती दगावली म्हणून पट्टी बरोबर होती असं वाटू लागतं. अंदाज स्वतःच स्वतःला खरा ठरवत जातो. पुढं अनुभव वाढलेल्या काही केंद्रांनी आठपेक्षा कमी गुणांच्या बाळांवरही उपचार केले आणि त्यांतली काही वाचली. म्हणून जाणते डॉक्टर आता एकाच वेळी घेतलेल्या एका आकड्यावर विसंबत नाहीत. बाळाला ऊब, प्राणवायू, लघवी वाढवणारी औषधं देऊन ते पुन्हा गुण मोजतात, आणि निर्णायक वजन एमआरआयला देतात. मेंदूचा मोठा भाग आधीच झिजून गेला असेल, तर वाहिन्या बंद करूनही तो परत येत नाही. तिथं आक्रमक उपचार थांबवणं हाच माणुसकीचा मार्ग असतो. मेंदू शाबूत असेल आणि फक्त हृदय हरत असेल, तर कमी गुणांतही प्रयत्नाला अर्थ राहतो. हृदय सावरता येतं, मूत्रपिंड पुन्हा कामाला लागतं; गेलेला मेंदू मात्र गेलेलाच असतो. अंदाज बांधताना परत येऊ शकणारं आणि न येणारं यांचा हिशेब वेगवेगळा ठेवणं, हे यातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

अलीकडच्या संशोधनानं अंदाजाची वेळ जन्माच्या आधी सरकवली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ४९ गर्भांच्या अभ्यासात विकृतीचं मोठं आकारमान, गर्भाच्या हृदयातल्या उजव्या झडपेतून रक्त उलट गळणं आणि मेंदूला आधीच झालेली इजा ही वाईट भवितव्याची चिन्हं ठरली. बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या गटानं २०२०मध्ये दाखवलं की विकृतीतलं रक्त पुढं वाहून नेणाऱ्या शिरामार्गाची रुंदी एमआरआयवर मोजली, तर जन्मताच कोणतं बाळ संकटात सापडेल हे बऱ्याच भरवशानं सांगता येतं. तो मार्ग जितका रुंद, तितका लोंढा मोठा. या अंदाजाच्या आधारे त्याच शहरात मार्च २०२३मध्ये ३४ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूतली विकृती आईच्या पोटातच बंद करण्यात आली आणि ते बाळ हृदय न थकता जन्माला आलं. असा उपचार आपल्याकडे उद्या मिळणार नाही. पण त्यामागचं तत्त्व आजही वापरता येतं: बाळ संकटात येणार हे आधी कळलं, तर आईनंच बाळंतपणाआधी मोठ्या केंद्राजवळ जाऊन राहायचं. जळगावहून मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. आठव्या-नवव्या महिन्यात, नीट बेतलेला प्रवास आईला झेपतो. व्हेंटिलेटरवरच्या तीन दिवसांच्या बाळासाठी तेच अंतर जीवघेणं ठरू शकतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो प्राधान्याचा. खानदेशात नवजात बाळं दगावतात ती कमी दिवसांची म्हणून, जन्मताना गुदमरली म्हणून, जंतुसंसर्गामुळे. मग वर्षाला एक-दोन बाळांच्या आजारासाठी एवढा खटाटोप कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. या आजारासाठी लागणारी पहिली पायरी महागडी नाही. हृदय थकलंय पण टू-डी इकोत घडणीचा दोष दिसत नाही, अशा प्रत्येक नवजाताच्या डोक्यावर स्टेथोस्कोप ठेवून रक्ताचा खळखळाट ऐकणं आणि टाळूतून मेंदूची डॉपलर सोनोग्राफी करणं, एवढीच ती आहे. ही यंत्रं जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. जळगावला २०१८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दुसरी पायरी म्हणजे बाळाला उबेत, साखर आणि प्राणवायू सांभाळत, पुढच्या रुग्णालयाशी आधी बोलून हलवणं. तिचा फायदा अपुऱ्या दिवसांच्या आणि गुदमरलेल्या बाळांना तितकाच होतो. ‘१०८’ची सेवा २०१४मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सोयींच्या होत्या. नवजाताला सांभाळत नेऊ शकणारी गाडी आणि तिच्यातलं प्रशिक्षित माणूस ही खानदेशाची सार्वत्रिक गरज आहे. दुर्मीळ आजार ती फक्त अधिक ठळक करतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि खोट्या आशेचा. टप्प्याटप्प्यानं दोन-तीन वेळा नळी घालावी लागते, प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागते. शेत गहाण टाकून बाळ गमावलेल्या कुटुंबाला आपण काय सांगणार? ही चिंता रास्त आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी अंदाज प्रामाणिक हवा. जिथं मेंदू गेलेला आहे तिथं डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं पाहिजे, म्हणजे कुटुंब विनाकारण कर्जात बुडणार नाही. पण जिथं आशा आहे तिथं वाट सरकारी सोयींतूनही जाते. मुंबईत परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात मेंदूच्या वाहिन्यांवर आतून उपचार करणारा विभाग आहे. आजारी नवजाताला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात मोफत वाहन, ही जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातली २०११पासूनची हमी आहे. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा लागू झाली, त्यांत धुळं होतं. आपल्या बाळाचा उपचार कोणत्या योजनेत बसतो हे आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावं, आणि तेही प्रवासाला निघण्याआधी.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. अशा जिल्ह्यात गर्भावस्थेतल्या तपासण्या वाढवणं आणि ‘भवितव्य वाईट’ असा शिक्का मारण्याचं साधन हाती देणं धोक्याचं नाही का? धोका आहे. आजारी मुलींना रुग्णालयात आणण्यात आणि पुढं पाठवल्यावर नेण्यात हात आखडता घेतला जातो, हे देशातल्या नवजात कक्षांच्या नोंदींत वारंवार दिसलं आहे. मुलीचे दहा गुण आणि मुलाचे दहा गुण घरात वेगळे वाचले जाऊ शकतात. पण अज्ञानात ठेवल्यानं मुली वाचत नाहीत. त्या निदानाविनाच जातात. ही विकृती बहुधा शेवटच्या तिमाहीत दिसते, म्हणजे गर्भपाताची २४ आठवड्यांची मर्यादा उलटून गेल्यावर. २०२१च्या दुरुस्तीनंतर त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. त्या मंडळासमोर ‘मेंदूत विकृती आहे’ एवढं मोघम वाक्य न ठेवता मेंदू शाबूत आहे का, हृदयावर ताण किती, शिरामार्ग किती रुंद, हे मोजून ठेवलं तर निर्णय पूर्वग्रहावर न ठरता पुराव्यावर ठरेल. नेमका अंदाज मुलीचं संरक्षण करू शकतो. मोघम भीतीच तिचा घात करते.

तेव्हा करण्यासारखं बरंच आहे. सोनोग्राफी करणाऱ्यांनी पाचव्या महिन्याची तपासणी ठीक आली म्हणून निर्धास्त न होता, शेवटच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूच्या मध्यभागी पोकळी दिसली तर तिच्यावर रंगीत डॉपलर लावून पाहावा. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात; दूध ओढताना दमणारं बाळ त्यांच्या नजरेतून सुटू नये. आई-वडिलांपैकी कुणाच्या किंवा बाळाच्या त्वचेवर विखुरलेले गुलाबी-लालसर डाग असतील तर ते डॉक्टरांना दाखवावेत. काही कुटुंबांत या विकृतीमागे आरएएसए-१ किंवा ईपीएचबी-४ या जनुकांतला बदल असतो आणि तसे डाग ही त्याची खूण असू शकते. जिल्हा रुग्णालयांनी गुण मोजल्याची तारीख आणि वेळ कागदावर घालावी, म्हणजे पुढच्या डॉक्टरला आजार किती आणि प्रवास किती हे कळेल. राज्यानं वर्षाच्या या तीसेक बाळांची एक नोंदवही ठेवावी. पॅरिस-बोस्टनच्या आकड्यांशेजारी आपले आकडे आल्याशिवाय आपल्या बाळांचा अंदाज खऱ्या अर्थानं आपला होणार नाही. आणि आपल्या बाळाचे गुण किती, असं विचारणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी आणखी एक प्रश्न नक्की विचारावा: हे गुण केव्हा मोजले, आणि बाळ स्थिरावल्यावर पुन्हा केव्हा मोजणार?